याकोब आणि पौल एकत्र कसे वाचावेत: विश्वास आणि कृत्ये या विषयावर अभ्यासवर्ग घेणाऱ्यांसाठी

घरगुती अभ्यासवर्गात नव्या करारातील याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय निघाला की बहुधा दोन पक्ष पडतात. एक जण पौलाच्या पत्रांच्या आधारे म्हणतो की तारण केवळ विश्वासाने होते, तेव्हा कृत्यांचा प्रश्न येतोच कुठे. दुसरा म्हणतो की ज्याच्या हातून काही चांगले घडत नाही त्याचा विश्वास म्हणजे तोंडची वाफ. दोघांच्या हातात पवित्र शास्त्र तेच असते आणि दोघेही आपापले वचन उघडून दाखवू शकतात. वर्ग घेणारी व्यक्ती तयारीने आलेली नसेल तर ती "दोन्ही महत्त्वाचे आहे" असे सांगून शेवटची प्रार्थना करते आणि लोक आपला प्रश्न जसाच्या तसा घरी घेऊन जातात. हा विषय मी अनेकदा घेतला आहे आणि पहिल्या काही वेळा तो माझ्या हातून असाच निसटला. त्यानंतर जी पद्धत उपयोगी पडत गेली ती येथे मांडत आहे. माझे मत आरंभीच सांगून ठेवते: कृत्यांच्या मोबदल्यात देवाची कृपा मिळत नाही, आणि ज्याला कृत्ये फुटतच नाहीत तो विश्वास नव्हे, नुसती मान्यता आहे. वर्गाने मात्र या मतापर्यंत तुमच्या सांगण्यावरून नव्हे, तर याकोब आणि पौल या दोघांची पत्रे वाचून यावे, म्हणून पुढचा सगळा खटाटोप.

आधी शब्द उलगडून घ्या

पहिल्या संध्याकाळची पहिली वीस मिनिटे तीन शब्दांना द्यावीत, कारण निम्मे भांडण शब्दांचेच असते.

'विश्वास' हा शब्द मराठीत आपण दोन तऱ्हांनी वापरतो. "देव आहे असा माझा विश्वास आहे" या वाक्यात विश्वास म्हणजे एखादी गोष्ट खरी मानणे. "मी त्याच्यावर विश्वास टाकला" या वाक्यात विश्वास म्हणजे आपला भार दुसऱ्यावर सोपवणे. याकोब ज्याला निरुपयोगी म्हणतो तो पहिल्या तऱ्हेचा विश्वास आहे, आणि त्याने दिलेला दाखला इतका कठोर आहे की तो वाचल्यावर वर्गात थोडा वेळ शांतता राहू द्यावी: देव एकच आहे असे भुतेही मानतात आणि थरथर कापतात. पौल जेव्हा विश्वास म्हणतो तेव्हा त्याच्या मनात बहुतेक वेळा टाकलेला विश्वास असतो.

'कृत्ये' किंवा 'कर्मे' हा शब्द अधिक अवघड आहे, कारण आपल्या भाषेत त्याच्या पाठोपाठ पुण्य येते. पदरी पुण्य पडणे, पूर्वपुण्याई, पुण्य गाठीला बांधणे हे शब्दप्रयोग चार पिढ्यांपासून ख्रिस्ती असलेल्या घरांतही रोज बोलले जातात, आणि त्यांत एक वही दडलेली असते, जिच्यात जमा आणि नावे असे दोन रकाने आहेत. ही वही डोक्यात ठेवून याकोब वाचला तर तो जमेचा रकाना भरायला सांगतो आहे असेच वाटते. म्हणून ती वही वर्गात उघडपणे बोलून दाखवावी आणि या चार संध्याकाळी बाजूला ठेवण्याची विनंती करावी. पौलाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट स्पष्ट करावी: रोमकरांस आणि गलतीकरांस लिहिताना तो ज्या कृत्यांविषयी वाद घालतो ती प्रामुख्याने मोशेच्या नियमशास्त्रातील कृत्ये आहेत, म्हणजे सुंता, खाण्यापिण्याचे निर्बंध, विशिष्ट दिवस पाळणे. उपाशी माणसाला भाकरी देणे हा त्याच्या वादाचा विषय नव्हता.

तिसरा शब्द 'नीतिमान ठरणे'. येथे मराठी भाषेने आपल्यावर मोठे उपकार केले आहेत. "आरोपी निर्दोष ठरला" असे आपण म्हणतो तेव्हा न्यायाधीशाने निकाल दिलेला असतो. "तो अडचणीच्या वेळी खरा मित्र ठरला" असे म्हणतो तेव्हा कोणी निकाल दिलेला नसतो, काळाने आणि प्रसंगाने ते दिसून आलेले असते. एकाच क्रियापदाचे हे दोन उपयोग फळ्यावर शेजारी शेजारी लिहून ठेवावेत. पौल बहुतेक ठिकाणी पहिल्या अर्थाने बोलतो आणि याकोब दुसऱ्या. मूळ ग्रीक क्रियापद दोघांनी एकच वापरले आहे, त्यामुळे गोंधळ होणे स्वाभाविक आहे, आणि त्याबद्दल कोणाला वेड्यात काढू नये.

याकोबाची चारच वचने, पण सावकाश

संपूर्ण अध्याय एका दमात वाचण्याचा मोह टाळावा. दुसऱ्या अध्यायातील चौदा ते सतरा एवढीच वचने घ्यावीत, एकाने मोठ्याने वाचावीत, मग दुसऱ्याने पुन्हा वाचावीत. एखादा भाऊ किंवा बहीण उघडी आहे, रोजच्या अन्नाला महाग झाली आहे, आणि आपल्यापैकी कोणी म्हणतो, सुखाने जा, ऊब घ्या, तृप्त व्हा. पण शरीराला जे लागते ते देत नाही. यानंतर एकच प्रश्न विचारावा: हे वाक्य बोलणारा माणूस वाईट आहे का? थोड्या विचाराने वर्गाच्या लक्षात येते की तो दुष्ट नाही. त्याचे शब्द आशीर्वादाचे आहेत, कदाचित मनापासूनचेही आहेत. जिच्याविषयी तो बोलतो आहे ती त्याच्या मंडळीतली, समोर उभी असलेली व्यक्ती आहे. उणीव एवढीच की शब्दांच्या पुढे हात आला नाही.

एक प्रसंग मी येथे नेहमी सांगते. एका पावसाळ्यात आमचा वर्ग एका बहिणीच्या घरी होता. तिच्या पतीचे काम सुटून दोन महिने झाले होते, आणि आम्ही त्या दिवशी स्तोत्र वाचून झाल्यावर त्यांच्यासाठी पुष्कळ वेळ, डोळ्यांत पाणी येईपर्यंत प्रार्थना केली. नंतर चहा आला. तो कोरा होता, आणि आम्हा दहा-बारा जणांपैकी कोणालाही त्यात काही विशेष वाटले नाही. वर्गातल्या एक वयस्कर काकू कप विसळायला म्हणून स्वयंपाकघरात गेल्या. ओट्यावर पिठाचा डबा झाकण काढून ठेवलेला होता. तळाशी खरवडून गोळा केलेले पीठ मुठीएवढे असेल, आणि खरवडायचा चमचा आतच होता. काकू बाहेर आल्या, माझ्या कानाशी एवढेच म्हणाल्या, "डबा रिकामा आहे गं," आणि चप्पल घालून कोपऱ्यावरच्या वाण्याकडे गेल्या. आमची प्रार्थना खोटी नव्हती असे मी आजही मानते. पण त्या दिवशी तिचे उत्तर काकूंच्या पायांनी दिले, आणि आम्ही बाकीचे तृप्त व्हा म्हणणाऱ्यांच्या रांगेत होतो.

तुमच्या वर्गात असा तुमचा स्वतःचा प्रसंग सांगावा. तो दुसऱ्याच्या चुकीचा नसावा, आपल्या चुकीचा असावा. नाहीतर याकोबाचे पत्र लगेच शेजाऱ्याला मोजण्याची फूटपट्टी होते.

अब्राहामाची वर्षे कागदावर मांडा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, आणि तिला एक संपूर्ण संध्याकाळ द्यावी. पौल रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात म्हणतो की अब्राहाम कृत्यांनी नव्हे तर विश्वासाने नीतिमान ठरला. याकोब म्हणतो की आपल्या मुलाला, इसहाकाला, वेदीवर अर्पिले तेव्हा अब्राहाम कृत्यांनी नीतिमान ठरला. दोघेही उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायातील सहावे वचन आधाराला घेतात. नुसते ऐकले तर हा सरळसरळ विरोध वाटतो. तो सोडवण्यासाठी कागदावर एक आडवी रेघ ओढावी आणि अब्राहामाचे वय तिच्यावर मांडत जावे.

हारान सोडून तो निघाला तेव्हा ७५ वर्षांचा होता. हागार या दासीच्या पोटी इश्माएल जन्मला तेव्हा ८६ वर्षांचा होता. आकाशातील तारे मोजता येतील का असे परमेश्वराने विचारले, अब्राहामाने विश्वास ठेवला आणि तो त्याच्याकडे नीतिमत्त्व असा गणला गेला, ही घटना या दोहोंच्या मधली आहे. सुंता ९९व्या वर्षी झाली. इसहाक जन्मला तेव्हा तो १०० वर्षांचा होता, आणि मोरिया देशातील डोंगरावर जाताना होमाची लाकडे इसहाकानेच उचलली होती, म्हणजे मुलगा चांगला वाढलेला होता.

रेघ पूर्ण झाली की बाकीचे काम ती स्वतःच करते. पौल बोट ठेवतो ते ताऱ्यांच्या रात्रीवर, आणि त्याचा मुद्दा असा की तेव्हा सुंता झालेली नव्हती, अर्पण झालेले नव्हते, काही कमावलेले नव्हते. देवाने दिलेल्या शब्दावर त्याने भार टाकला एवढेच. याकोब बोट ठेवतो ते डोंगरावर, वीसहून अधिक वर्षांनंतर, आणि म्हणतो की त्या रात्रीचे वचन येथे पूर्ण झाले. एकाने बी पेरल्याचा दिवस सांगितला, दुसऱ्याने कणीस भरल्याचा. मधल्या वर्षांत अब्राहाम डगमगला, हागारेच्या बाबतीत चुकला, गरारात बायकोला बहीण म्हणाला, हेही रेघेवर लिहावे. विश्वास आणि कृत्य यांच्यामध्ये किती मोठा आणि किती वाकडातिकडा काळ जाऊ शकतो हे पाहून वर्गातल्या निराश झालेल्या माणसांना धीर येतो. मी हे अनेकदा पाहिले आहे.

याकोबाने राहाबेचा दाखला लगेच पुढे का दिला, हेही विचारून पाहावे. मूळ पुरुष अब्राहाम आणि यरीहोतील वेश्या राहाब यांना एका ओळीत बसवणारा लेखक पुण्याच्या वहीवर चाललेला नाही. तशी वही असती तर राहाबेचे पान बरेच कोरे निघाले असते.

दोघांची भेट झाली होती

पौल आणि याकोब हे एकमेकांचे विरोधक होते असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय उघडावा. (परंपरेने याकोबाचे पत्र प्रभूच्या भावाचे मानले जाते, आणि गलतीकरांस पत्रात भेटतो तोही तोच.) पौल लिहितो की याकोब, केफा (म्हणजे पेत्र) आणि योहान यांनी आपल्याला व आपला सहकारी बर्णबा याला उजवा हात देऊन सहभागी करून घेतले, आणि एकच गोष्ट सांगितली: गरिबांची आठवण ठेवा. आणि पौल म्हणतो, तेच करायला मी उत्सुक होतो. सुंतेवर ज्या माणसाने इंचभरही माघार घेतली नाही तो गरिबांच्या बाबतीत एका शब्दाने हो म्हणतो. पुढे त्याने मासेदोनिया आणि अखया येथील मंडळ्यांकडून यरुशलेमेतील गरिबांसाठी वर्गणी जमवली आणि ती स्वतः पोचवायला निघाला. रोमकरांस पत्राच्या पंधराव्या अध्यायात, म्हणजे विश्वासाने नीतिमान ठरण्याचा सिद्धांत ज्या पत्रात मांडला त्याच पत्रात, तो हा बेत कळवतो. गलतीकरांसच्या पाचव्या अध्यायात तो ज्याला मोल देतो तो प्रीतीच्या द्वारे कार्य करणारा विश्वास आहे. इफिसकरांस पत्रात तारण कृपेने आहे, कर्मांनी नाही, असे म्हटल्यावर लगेच पुढच्या वचनात आपण सत्कृत्यांसाठी निर्माण केलेले आहोत असे म्हटले आहे. आठ आणि नऊ ही वचने पाठ असणाऱ्यांना दहावे पाठ नसते, हा माझा सर्वत्र आलेला अनुभव आहे. वर्गाला तिन्ही एकत्र पाठ करायला सांगावीत.

मंडळ्यांच्या इतिहासात फार खोल शिरू नये, पण कोणी प्रोटेस्टंट सुधारक मार्टिन ल्यूथरचे नाव काढले तर सांगण्यासारखे थोडे आहे. १५२२ साली छापलेल्या आपल्या जर्मन नव्या कराराच्या प्रस्तावनेत त्याने याकोबाच्या पत्राला गवताचे पत्र म्हटले हे खरे आहे. त्याच पुस्तकात रोमकरांस पत्राच्या प्रस्तावनेत विश्वास ही जिवंत, सतत कार्य करणारी गोष्ट आहे आणि ती सत्कृत्ये न करता राहूच शकत नाही, असेही त्याने लिहिले. ते मात्र कोणी सांगत नाही. 'केवळ विश्वासाने' हा शब्दप्रयोग नव्या करारात एकाच ठिकाणी येतो, याकोबाच्या दुसऱ्या अध्यायाच्या चोविसाव्या वचनात, आणि तेथे तो नकारार्थी आहे, हेही ठाऊक असावे. वर्गात वसईकडचे कॅथलिक पाहुणे असतील तर ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे कॅथलिक चर्च आणि जागतिक लूथरन संघ यांनी याच प्रश्नावर एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या, एवढे आवर्जून सांगावे. साडेचार शतकांहून जुन्या वादात दोन्ही बाजूंना एकत्र लिहिता आले की कृपा आधी आणि सत्कृत्ये तिचे फळ.

रमाबाईंचे उदाहरण, आणि त्यात क्रम पाहणे

तिसऱ्या संध्याकाळी पंडिता रमाबाईंकडे वळावे. त्यांचे नाव घेतले की लोक लगेच केडगावच्या मुक्ती मिशनविषयी बोलू लागतात, आणि ते योग्यच आहे; पण या विषयासाठी त्यांच्या आयुष्यातील क्रम नीट पाहण्यासारखा आहे. इंग्लंडमध्ये वाँटेज येथील मठवासी भगिनींनी त्यांना लंडनमधील फुलम येथे नेले. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांना तेथे प्रेमाने सांभाळलेले पाहून रमाबाईंना प्रश्न पडला की या भगिनींना ही प्रेरणा कुठून मिळते, आणि उत्तर म्हणून त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची हकिकत वाचायला मिळाली. म्हणजे दुसऱ्यांच्या कृत्यांनी त्यांना विश्वासाच्या दारापर्यंत आणले. १८८३ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला, १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झाले. त्यानंतर, बाप्तिस्म्याला आठ वर्षे होऊन गेल्यावर, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळाला नव्हता, अशी जाणीव आपल्याला झाली, असे त्यांनी स्वतःच आपल्या साक्षीत लिहिले आहे.

या ठिकाणी वर्गाला थांबवावे. विधवांसाठी संस्था काढणारी, विद्वान, निर्भय स्त्री आपल्या कामाकडे बोट दाखवून "हेच माझे नीतिमत्त्व" असे म्हणू शकली असती. ती म्हणाली नाही. आणि तो शोध लागल्यावर तिने काम सोडून दिले असेही झाले नाही. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या शेकडो मुली-बायकांना त्यांनी केडगावला आसरा दिला. काम आधीही होते आणि नंतरही होते, परंतु आधी जे काम आधार होऊ पाहत होते ते नंतर फळ झाले. पौल आणि याकोब या दोघांनाही एकाच आयुष्यात वाचण्याची संधी मराठी माणसाला इतक्या जवळ मिळते, ती सोडू नये.

अवघड प्रश्न येतील ते

येशूच्या शेजारी वधस्तंभावर खिळलेल्या चोराचे काय, हा प्रश्न हमखास येतो. त्याला सत्कृत्य करायला वेळच नव्हता, आणि तरीही त्याला सुखलोकाचे वचन मिळाले. होय, आणि पौलाच्या बाजूचा हा सर्वांत भक्कम पुरावा आहे, तो कमी करू नये. पण लूकचा तेविसावा अध्याय पुन्हा वाचून पाहावा: हात खिळलेले असताना त्याच्याजवळ फक्त जीभ मोकळी होती, आणि तिने त्याने शेजारच्याचा निषेध केला, स्वतःचा दोष कबूल केला आणि येशू निर्दोष असल्याची साक्ष दिली. जेवढे मोकळे होते तेवढ्याने त्याचा विश्वास चालू लागला.

अंथरुणाला खिळलेली आई, खोल नैराश्यात असलेला तरुण, स्वतःच दुसऱ्यांच्या आधारावर जगणारी म्हातारी, यांच्यापुढे याकोबाचे पत्र कधीही चाबकासारखे वापरू नये. माझा नियम असा आहे की थकलेल्या माणसासोबत आधी रोमकरांस पत्र वाचावे आणि निवांत बसलेल्या माणसासोबत आधी याकोबाचे. औषध तेच, पण रोगी पाहून क्रम बदलतो.

कृत्ये भरपूर आहेत पण विश्वास खरा आहे का, ही शंका दुसऱ्या दिशेनेही येते. मत्तयच्या सातव्या अध्यायात प्रभूच्या नावाने संदेश देणाऱ्या, भुते घालवणाऱ्या लोकांना "मला तुमची कधीच ओळख नव्हती" असे उत्तर मिळते. त्याच्याशेजारी पंचविसावा अध्याय ठेवावा. तेथील नीतिमान लोक आश्चर्याने विचारतात, प्रभू, आम्ही तुला भुकेलेला कधी पाहिले? सातव्या अध्यायातल्या लोकांना आपली कामे तोंडपाठ आहेत. पंचविसाव्यातल्यांनी ती कुठे मांडून ठेवलेली नाहीत. पहिल्या संध्याकाळी बाजूला ठेवलेल्या वहीची येथे आठवण करून द्यावी.

शेजारच्या हिंदू किंवा मुसलमान कुटुंबाच्या चांगुलपणाविषयी विचारले तर प्रेषितांच्या कृत्यांतील रोमी शताधिपती कर्नेल्य वाचावा, ज्याचे दानधर्म आणि प्रार्थना देवापुढे पोचल्या होत्या. दुसऱ्याचा निकाल लावणे हे या वर्गाचे काम नाही, एवढे सांगून थांबावे.

शेवटची संध्याकाळ

चौथी संध्याकाळ चर्चेची ठेवू नये. अर्धा तास आधी सांगता करावी आणि मंडळीत, गल्लीत, नात्यात सध्या कोणाचा डबा रिकामा असू शकेल याचा शांतपणे विचार करायला पाच मिनिटे द्यावीत. नावे सर्वांसमोर मोठ्याने घ्यायला लावू नयेत. ज्याला सुचेल त्याने वर्ग घेणाऱ्याच्या कानात सांगावे. मग दोघांनी मिळून एका घरी जावे, दोघांपेक्षा जास्त नकोत. नेण्याच्या वस्तू रोज लागणाऱ्या असाव्यात: पीठ, तूरडाळ, तेल, चहा-साखर, दूध. घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर काय लागते ते आधी विचारून घ्यावे. पिशवीवर मंडळीचे नाव लिहू नये आणि फोटो काढू नयेत. मत्तयच्या सहाव्या अध्यायात डाव्या हाताला न कळू देण्याविषयी जे सांगितले आहे ते अशा वेळीच लागू होते. पिशवी दाराशी ठेवून परत फिरू नये. आत जावे, बसावे, त्यांनी चहा केला तर घ्यावा, कोरा असला तरी घ्यावा, आणि बोलायला सुरुवात त्यांना करू द्यावी.